नाव माझ्या खात्यावर

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

दुपारची टायपिंगची बॅच सुटल्यावर मेल उघडला. संजनाचा होता. मोहिनीकडे दीड वर्षापूर्वी कामाला लागलेली ही मुलगी. मूळची निफाडची, शिकली पुण्यात. मला 'अंजली मॅडम' लिहिते. मजकूर चार ओळींचा. डोंगरघास हे मालाचं नाव आता मोहिनीच्या सुरगाण्याच्या कंपनीच्या नावे रीतसर नोंदलं गेलं आहे, वेबसाइटचं डोमेन मात्र अजून माझ्या वैयक्तिक खात्यावर दिसतं, तरी ते कंपनीकडे वळवायला लागणारा कोड या आठवड्यात कळवावा. खाली 'मोहिनीताईंच्या वतीने'.

वतीने म्हणे. मोहिनीने आणि मी एका बाकावर बसून बी.ए. केलं. दर रविवारी ती होस्टेलवरून आमच्याकडे जेवायला यायची. आता तिला माझ्याशी बोलायला वतीने माणूस लागतं.

सकाळी बॅच चालू असताना मोहिनीचे तीन कॉल येऊन गेले होते. मी उचलले नाहीत. बॅच चालू असताना मी कुणाचाच फोन उचलत नाही. नंतर लावायचा राहिला.

संध्याकाळी आईला सांगितलं. तिला डोमेन म्हणजे काय ते कळेना. म्हटलं, इंटरनेटवरच्या दुकानाची पाटी समज. ती माझ्या नावावर आहे आणि मोहिनीला ती स्वतःच्या नावावर करून हवी आहे. आई लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "दुकान तिचं ना? मग देऊन टाक."

आईला यातलं काही कळत नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

क्लासला सुट्टी. डोंगरघास हे नाव माझं आहे, हे कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून इथे लिहिते.

२०१६ साली मी नवऱ्याचं घर सोडून नाशिकला, उपनगर भागात, आईकडे परत आले. कॉलनीतल्या बायका समोरून येताना दिसल्या की मी रस्ता बदलायचे. तेव्हा मोहिनी गाव सोडून पंधरा दिवस माझ्याजवळ येऊन राहिली. तिच्याकडे गावच्या बायकांनी केलेलं नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ, पापड, बिस्किटं असायची, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर एक अक्षर नाही. मी म्हटलं, याला नाव पाहिजे. स्वयंपाकघरात फरशीवर बसून आम्ही वहीत पस्तीस-चाळीस नावं लिहिली आणि खोडली. डोंगरघास मला सुचलं. मोहिनीने ते दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. मग आम्ही हसायलाच लागलो, इतकं की आई बाहेरून बघायला आली. त्या वर्षात मी तेव्हाच हसले असेन.

मोहिनीकडे ना कार्ड होतं ना मेल. गावात टेकडीवर चढल्याशिवाय फोन लागत नसे. म्हणून डोमेन मी माझ्या खात्यावर घेतलं, साइट मी बनवली, दरवर्षी मुदतही मीच वाढवते. दुकानाच्या पत्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या मेलची एक प्रत माझ्याकडे यावी अशी सोय तेव्हाच करून ठेवली होती, कारण गिऱ्हाइकांचे निरोप मी मोहिनीला फोनवर वाचून दाखवायचे. पुढे ती स्वतः मेल बघायला शिकली. सोय तशीच राहिली. बंद करायचं राहून गेलं.

राहून गेलं, हे खरं नाही. सकाळी उठून चहाच्या आधी मी तेच मेल वाचते.

२ सप्टेंबर, सोमवार

संजनाचा मोहिनीला मेल, प्रत अर्थात माझ्याकडे. तिचं म्हणणं असं की 'घास' वाचून हिंदी लोक गवत समजतात, आणि अंजली मॅडम तर उत्तरच देत नाहीत, तेव्हा सरळ नवीन नाव आणि नवीन डोमेन घेऊन मोकळं व्हावं. मोहिनीचं उत्तर एका ओळीचं. "नाव हेच राहील. दुसरं मला नको."

म्हणजे दुसरं नाव घेणं शक्य आहे, सोपंही आहे, तरी हिला माझंच हवंय. माझ्याकडे एवढी एकच गोष्ट आहे, तीही हिला ओढून न्यायची आहे.

११ सप्टेंबर, बुधवार

डोंगरघासच्या पानावर मुंबईच्या प्रदर्शनाचा फोटो आलाय. मोहिनी आणि संजना एकाच रंगाच्या साड्या नेसून उभ्या. ठरवून घेतल्या असणार. मी फोटो मोठा करून पाहिला. एकच काठ. मागे तानुमावशी, म्हणजे मोहिनीची मावशी, तिचा हात संजनाच्या खांद्यावर.

तानुमावशीच्या घरी मी कितीदा राहिले आहे. थंडीत तिने मला स्वतःची गोधडी दिली होती. आता संजना तिथे राहते, महिना महिना. मला चार वर्षांत तिकडे जायला जमलं नाही. आईचे गुडघे, क्लास, रस्ता. कारणं खोटी नाहीत.

मोहिनीने काल आईला फोन केला होता. मला नाही, आईला. दोघी वीस मिनिटं बोलल्या. मी आतल्या खोलीतून ऐकत होते. आईने मला हाक मारली तेव्हा मी अंघोळीला जातेय म्हणून सांगितलं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आज संजना स्वतः क्लासवर आली. मी तिला बाहेरच्या बाकावर पाऊण तास बसवून ठेवलं. ती मुलांच्या बॅगा सरकवून शांतपणे बसली. याचाही मला राग आला. कुरकुरली असती तर बरं वाटलं असतं.

दिसायला साधी आहे. ते जास्त लागलं. बिस्किटांचा डबा टेबलावर ठेवून तिने सगळं नीट समजावून सांगितलं. मोठ्या दुकानांत माल ठेवायचा तर नाव, शिक्का, साइट सगळं कंपनीच्या मालकीचं दाखवावं लागतं. एका माणसाच्या खात्यावर असलेलं चालत नाही. उद्या त्या माणसाला काही झालं तर काय, असं विचारतात.

मी म्हटलं, "मोहिनीला हवं असेल तर ती येऊन मागेल."

"ताई तीनदा येऊन गेल्या ना," ती म्हणाली. "तुम्ही क्लासवर होतात. आईंना भेटून गेल्या."

मला हे आईने सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

"नाव बदलूया, असं मीच म्हटलं होतं," ती पुढे म्हणाली. "ताई ऐकत नाहीत. या एका गोष्टीवर त्या कुणाचंच ऐकत नाहीत."

मी म्हटलं, विचार करून कळवते. ती गेल्यावर डबा मुलांना वाटून टाकला. एक बिस्कीट मी खाल्लं. पूर्वीपेक्षा चांगली झाली आहेत.

२१ ऑक्टोबर, सोमवार

आज जे केलं ते लिहिते.

सकाळी साइट उघडली तर नवीन पान. 'आमची गोष्ट'. संजनाच्या हातचं. त्यात लिहिलंय की डोंगरघास हे नाव सुरगाण्याच्या डोंगरात, बायकांच्या बोलण्यातून जन्माला आलं. खाली मोहिनी आणि संजनाचा फोटो, शेतात.

नाव डोंगरात जन्मलं नाही. उपनगरला, आमच्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर जन्मलं, आणि तेव्हा माझ्या अंगावर तीन दिवस तोच गाऊन होता, कारण मला उठून कपडे बदलायचं बळ नव्हतं. ते त्या पानावर कसं लिहितील? लिहू नये हेही कळतं. पण मग काहीच लिहायचं नाही. दुसऱ्याच गावाचा जन्मदाखला कशाला जोडायचा?

साइट संजना चालवते, पण ते नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ती ओळ माझ्या खात्यात असते. अकराच्या बॅचला मुलं स्पीडचा सराव करत होती, चाळीस बोटांचा टकटकाट चालू होता. मी ती ओळ पुसली आणि सेव्ह केलं. थोड्या वेळाने मोबाइलवर डोंगरघास टाकून पाहिलं. काही नाही. कोरं पान.

बरं वाटत होतं. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना माझी गरज लागेल.

२३ ऑक्टोबर, बुधवार

ओळ परत घातली. दोन दिवस झाले, पुरे.

काल संजनाचे सहा फोन. उचलले नाहीत. आज दुपारी मोहिनीचा आला, तो उचलला. किती महिन्यांनी तिचा आवाज ऐकला. टेकडीवर चढून आली होती, धाप लागली होती. साइट आणि मेल दोन्ही बंद आहेत, दिवाळीच्या खोक्यांच्या ऑर्डरी अडकल्या आहेत, तुला काही कळतंय का, असं विचारत होती. मी म्हटलं, काहीतरी तांत्रिक असेल, बघते. ती म्हणाली, "बघ बाई. तुलाच कळेल." आणि मग, "तू बरी आहेस ना?"

मी हो म्हटलं.

तिला कळलं असणार. न कळण्याइतकी ती भोळी नाही. मनात ठेवलं असेल.

११ नोव्हेंबर, सोमवार

दुकानाचे मेल पुन्हा यायला लागलेत. पुण्याच्या एका कंपनीने लिहिलंय की दिवाळीच्या भेटीसाठी तुमची बिस्किटं घ्यायचं नक्की केलं होतं, पण शेवटच्या दोन दिवसांत तुमची साइट उघडेना, मेलही परत आले, तेव्हा नाइलाजाने दुसरीकडे दिलं. पुढच्या वर्षी नक्की.

एकाने नाही घेतलं तर दुसरा घेतो. धंदा आहे.

मोहिनीने संजनाला लिहिलंय की तानुमावशी आणि आणखी चौघी यंदा निफाडला द्राक्षाच्या कामाला चालल्या, तिला थांबवता आलं नाही. तिकडची माणसं दिवाळी झाली की निफाडला उतरतातच. वर्षानुवर्षं जात आली आहेत.

त्या मेलला संजनाने उत्तर दिलंय, त्याच्या शेवटी लिहिलंय, "ताई, जेवून घ्या. काल पण तुम्ही जेवला नाहीत." दिवसभर तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. मोहिनी जेवली नाही, हे पूर्वी मला कळायचं.

१९ डिसेंबर, गुरुवार

आधी वकिलाची नोटीस आली होती, ती मी कपाटात टाकली. आज रजिस्ट्रीकडून रीतसर कळवलंय. देशाच्या डोमेन नावांच्या वादांसाठी लवाद नेमतात, तसा नेमलाय. तक्रारदार सुरगाण्याची कंपनी, प्रतिवादी मी. अंजली पगारे, राहणार उपनगर, नाशिक. वाद मिटेपर्यंत नावाला कुलूप. कुणालाच हलवता येणार नाही.

मोहिनीने माझ्यावर केस केली.

तक्रार सव्वीस पानांची आहे. आधी मी एकच गोष्ट शोधली, ऑक्टोबरचे दोन दिवस. कुठेच नाहीत. एक ओळसुद्धा नाही. म्हणजे सिद्ध करता आलं नसणार. संजना एवढी हुशार म्हणतात, पण एवढंही हाती लागलं नाही तिच्या.

एका ठिकाणी वकिलाने लिहिलंय की तक्रारदारासाठी या नावाला व्यापारापलीकडेही मोल आहे. वकिली भाषा.

शेवटी पुरावे जोडलेत. त्यात पाचव्या क्रमांकावर माझाच मेल आहे. २०१६चा, मोहिनीचं मेल खातं मी उघडून दिलं त्या दिवसाचा, त्या खात्यावरचा पहिला. "मोहिनी, नाव माझ्या खात्यावर घेतलंय कारण तुझ्याकडे कार्ड नाही. पण ते तुझंच आहे. मागशील त्या दिवशी तुझ्या नावावर करून देईन. तू आलीस म्हणून मी उठून बसले. हे तुझ्या पहिल्या मेलमध्ये लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही. तुझी अंजली."

मला हे लिहिल्याचं आठवत नाही. शब्द माझे आहेत, पण ही बाई कोण? शेवटच्या ओळी वकिलाने काळ्या करून झाकता आल्या असत्या. झाकल्या नाहीत. आता तो लवादसुद्धा वाचणार, मी उठून बसले ते.

७ जानेवारी २०२५, मंगळवार

उत्तर पाठवलं. वकील केला नाही, स्वतःच टाइप केलं. नाव मी सुचवलं, साइट मी उभी केली, आठ वर्षं सांभाळली, कधी विकायला काढलं नाही. मेलमधलं वचन मैत्रीत दिलं होतं, मैत्री उरली नाही तेव्हा वचनही उरलं नाही, असं लिहिलं. वाचायला बरं वाटलं. तक्रारदाराच्या व्यवसायात मी कधीही अडथळा आणलेला नाही, असंही लिहिलं. तिथे थोडा वेळ थांबले. मग पुढे गेले.

आईने विचारलं, कुणाला एवढं लांबलचक लिहितेस. म्हटलं, ऑफिसचं आहे. ती म्हणाली, "मोहिनीला लिहीत असशील तर माझा निरोप लिही. म्हणावं, आईने बोलावलंय."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

निकाल लागला. नाव कंपनीला हस्तांतरित करावे.

लवादाने माझा २०१६चा मेल पूर्ण उतरवून घेतलाय आणि खाली लिहिलंय की प्रतिवादीने हे नाव स्वतःसाठी नव्हे तर तक्रारदारासाठी धारण केलं होतं, हे तिच्याच शब्दांवरून स्पष्ट होतं. शिवाय एक वाक्य असं, की प्रतिवादीने वाईट हेतूने काही कृती केल्याचा आरोप तक्रारदाराने केलेला नाही आणि तसा पुरावाही समोर नाही.

मी हरले, पण वाईट ठरले नाही. दोन वेळा वाचलं. आनंद व्हायला हवा होता.

आता ते कोड मागायला येतील. मी ठरवलंय. मोहिनीने स्वतः मागितला तरच द्यायचा. ती येईल तेव्हा काय बोलायचं तेही ठरवलंय. चहा करीन. शांतपणे म्हणेन, तुझं तुला घे.

१७ मार्च, सोमवार

कुणी आलं नाही. कोड कुणी मागितलाच नाही.

आज सकाळी खातं उघडलं तर डोंगरघास यादीत नव्हतं. खाली फक्त माझ्या क्लासचं नाव. रजिस्ट्रीने परस्पर वळवलं. निकाल झाल्यावर हरणाऱ्याला विचारावं लागत नाही, असं आहे म्हणे. मला वाटत होतं की शेवटची किल्ली तरी माझ्या हातात आहे. ती नव्हतीच.

मी खातं बंद करून पुन्हा उघडलं. मग तिसऱ्यांदा.

२० मार्च, गुरुवार

चार दिवस झाले, मेलच्या प्रती येत नाहीत. नागलीचं पीठ किती आलं, भट्टी चालू आहे का, कुणाच्या मुलाला ताप आहे, काही कळत नाही. सकाळी चहा आधी होतो.

२३ मार्च, रविवार

मोहिनी आली. न कळवता, पूर्वीसारखी, दुपारी जेवणाच्या वेळेला. मी दार उघडलं तर ती पायरीवर उभी, खांद्याला पिशवी. केस बरेच पांढरे झालेत. आईने तिला जवळ बसवून घेतलं, हाताने तिची पाठ चाचपली, वाळलीस म्हणाली. जेवण झालं. आई आडवी झाली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात.

निकालाचं कुणीच काढेना. तिने भांडी घासायला घेतली, मी विसळायला. मला वाटलं, ती मोठेपणा घेऊन आली आहे, तर आपण मागे का राहावं. मी म्हटलं, "तुमचे मेल मी वाचत होते. सगळे. आठ वर्षं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "संजनाने पहिल्याच महिन्यात शोधून काढलं. बंद करू म्हणत होती. मी म्हटलं, राहू दे. अंजली फोन उचलत नाही. निदान आमचं काय चाललंय ते तिला कळत राहील."

तिने हे अगदी सहज सांगितलं. पातेलं माझ्या हातात दिलं. मला रडू येईल असं वाटलं आणि त्याच वेळी एकदम हलकं वाटलं. हिला सगळंच माहीत आहे. माहीत असून आली आहे. मग उरलेलं बोलून टाकायला काय हरकत, असं मनात आलं. मी म्हटलं, "ऑक्टोबरचंही तुला तेव्हाच कळलं असेल. साइट मीच बंद केली होती."

नळ चालू होता. तिने तो बंद केला.

"तांत्रिक होतं म्हणालीस."

"नाही. मी केलं. त्या पानावर नाव डोंगरात जन्मलं असं लिहिलं होतं, म्हणून."

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग हळू आवाजात जे सांगितलं ते असं. संजनाला पहिल्या दिवसापासून संशय होता. तक्रारीत तिने त्यावर दोन पानं लिहिली होती, तारखा, वेळा, सगळं. वकील म्हणाला होता की याच मुद्द्यावर केस पक्की होते. मोहिनीने ती दोन्ही पानं काढायला लावली. अंजली रागावेल, बोलणार नाही, नाव धरून बसेल, पण असं करणार नाही, म्हणाली. त्यावरून तिचं आणि संजनाचं भांडण झालं. संजना आठवडाभर निफाडला निघून गेली होती.

"मी तिला खोटं पाडलं," मोहिनी म्हणाली. "तुझ्यासाठी."

मी काहीतरी बोलणार होते. तिने ओला हात वर केला.

"तानुमावशी त्या पुण्याच्या ऑर्डरवर थांबली होती, अंजली. दिवाळीनंतर निफाडला जायचं नाही असं यंदा ठरलं होतं. तीन वर्षांपासून आम्ही तेवढ्यासाठी धडपडत होतो. चार महिने बागेत होती ती. या वयात."

चहा टाकला होता. तो तसाच राहिला. आई उठली तेव्हा मोहिनी पायात चप्पल घालत होती. आईला म्हणाली, शेवटची गाडी चुकेल. दुपारचे साडेतीन वाजले होते.

इतके दिवस मला वाटत होतं, तिला सगळं माहीत आहे आणि ती मनात ठेवून वागते आहे. मी तर तिच्या त्या मनात ठेवण्याचाही राग करत होते.

२ एप्रिल, बुधवार

मोहिनीचा फोन. बॅच चालू होती, उचलला. ती एवढंच म्हणाली, "तेराला रविवारी ये. बायकांना तू सांग. मी सांगणार नाही, संजनालाही सांगू देणार नाही." मी विचारलं, त्या काय म्हणतील. ती म्हणाली, ते मला काय माहीत.

आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. नेहमीसारखं काही बोलेल म्हणून थांबले. रात्रीची भाकरी तिने एकटीने थापली, मला परातीला हात लावू दिला नाही.

१४ एप्रिल, सोमवार

आज जयंतीची सुट्टी. कॉलनीत सकाळपासून गाणी चालू आहेत, आई पांढरी साडी नेसून खाली गेली आहे. कालचं लिहून मग मीही जाते.

नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून पहाटेची गाडी धरली. वणीला उतरून जीप. जीपमध्ये चौदा माणसं, माझ्या मांडीवर कुणाचं तरी पोतं. चार वर्षांत रस्ता रुंद झालाय. भट्टीची शेड नवीन, पत्र्याची. आत अकरा बायका, खाली ताडपत्री, मध्ये बिस्किटांचे ढीग. संजना पॅकिंगच्या टेबलापाशी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि परत कामाला लागली. मोहिनी दारात उभी राहिली, आत आली नाही.

मी उभी राहूनच बोलले. जीपमध्ये शब्द जुळवले होते, ते सगळे गेले. सर्व्हर, खातं, यातलं काही सांगून उपयोग नव्हता. मी म्हटलं, दिवाळीच्या आधी दोन दिवस दुकान बंद पडलं होतं, ते आपोआप नाही पडलं, मी पाडलं. पुण्याची मोठी ऑर्डर त्यामुळे गेली.

तानुमावशी कोपऱ्यात पीठ चाळत होती. खूप वाळली आहे, उन्हाने चेहरा रापलाय. तिने चाळणी बाजूला ठेवली.

"म्हंजे कुलूप तू लावलं व्हतंस."

"हो."

"आमी तुला काय केलं व्हतं?"

"तुम्ही काही नाही केलं, मावशी."

"मंग?"

अकरा जणी बघत होत्या. खोटं बोलायला जागाच नव्हती. मी म्हटलं, "मला वाटलं, मोहिनी मला विसरली."

तानुमावशीने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता चेहऱ्यावर. नीट समजून घेत होती.

"मोहिनी तुला विसरली," ती म्हणाली, "आन् निफाडला मी गेले."

मग तिने चाळणी उचलली. बाकीच्याही कामाला लागल्या. कुणी जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. मी तिथेच उभी. मोहिनीकडे पाहिलं तर ती बाहेर बघत होती. किती वेळ गेला कळत नाही. शेवटी संजनाने टेबलाच्या या टोकाला पिशव्यांचा एक गठ्ठा आणि लेबलांचा रोल सरकवला. "कडेपासून दोन बोटं सोडून," ती म्हणाली. "सरळ लावा." मला मॅडम म्हणाली नाही.

मी बसले. दुपारी भाकरी आणि उडदाचं पिठलं सगळ्यांबरोबर माझ्याही पुढे आलं, कुणी वाढलं ते पाहिलं नाही. तीन वाजेपर्यंत लेबलं लावली. संजनाची एकसारखी बसत होती, माझी तिरकी जात होती. दोनदा तिने माझी काढून परत लावली, न बोलता. नंतर मोहिनी आत आली, टेबलाशी वाकली आणि संजनाला कानात काहीतरी सांगितलं. दोघी हसल्या. कशावर, ते मला कळलं नाही. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

पुन्हा तेच जळणं, जे ऑगस्टपासून चालू आहे. वाटलं होतं, सगळं सांगून टाकलं की ते जाईल. गेलं नाही. तसंच आहे, तेवढंच आहे.

मी पुढची पिशवी घेतली. दोन बोटं सोडली आणि लेबल लावलं.